चूक आमची नव्हती

मित्रांनो, माझं उजवं दार निळं आहे आणि बाकी सगळी मी पांढरी आहे. निपाणीच्या बाजारात मला बघून पोरं हसतात. हसू द्या. मी एक जुनी व्हॅन आहे, आणि ते निळं दार मला कसं लागलं हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. रंगाचा वास, यंत्रांचे लांबलचक हात आणि ओळीनं उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच बहिणी, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते निपाणीजवळच्या एका रोपवाटिकेत. कलगोंडाअण्णा आणि राजमतीआक्का हे नवराबायको तिथं मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपं तयार करत. माझ्या मागच्या सीट काढून तिथं रोपांचे ट्रे रचत. ते घेऊन मी चिकोडीला जाई, संकेश्वरला जाई, आडवाटेच्या मळ्यांतही जाई. ओल्या मातीचा वास माझ्या अंगात असा मुरला, की त्याच्यापुढं पेट्रोलचा वासही फिका पडे.

पहिली काही वर्षं अण्णा मला चालवत. मग साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू झाली. एका सकाळी त्यांनी मला सरळ बांधावर चढवलं. खाली उतरले आणि आक्कांच्या हातात किल्ली दिली.

"आता माझ्याच्यानं न्हाय हुईत. एक तर गाडी विकू, न्हाय तर तू शीक."

"विकायची कशाला? शिकीन की," आक्का म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. तंबाखूच्या वखारीमागं मोकळी जागा आहे, तिथं आमची शाळा भरली. मी धक्के खात होते, बंद पडत होते, आणि कट्ट्यावर बसलेले लोक करमणूक करून घेत होते. एकानं ओरडून विचारलं, "अण्णा, बायकोला रस्त्यावर सोडलंसा, आता आमी कुठनं चालायचं?"

"बाजूनं," अण्णा म्हणाले.

आक्का शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळताना इंडिकेटर लावायच्या. शेतकरी त्यांचं कौतुक करू लागले. रोपं न हिंदकळता पोचतात म्हणून काही जण 'आक्कालाच पाठवा' असा निरोप धाडत. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

अपघात झाला तो भर दुपारी. संकेश्वरच्या अलीकडं आम्हाला उजवीकडं एका मळ्यात वळायचं होतं. माझ्या पोटात मिरचीची रोपं होती. समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याला जाऊ द्यावं म्हणून आक्का आपल्याच बाजूला थांबल्या. माझा इंडिकेटर लुकलुकत होता. आणि त्या ट्रॅक्टरला मागं टाकत एक मोठी काळी गाडी आमच्या बाजूला आली. चालवणाऱ्याचं लक्ष हातातल्या फोनवर होतं. शेवटच्या क्षणी त्यानं गाडी वळवायची धडपड केली, पण तिचं नाक माझ्या उजव्या दारात घुसलं.

मित्रांनो, आपला पत्रा चेपतो त्याचं दुःख वेगळं, आणि आपल्या पत्र्याखाली आपल्या माणसाचा हात चेपतो त्याचं वेगळं. आक्कांचा उजवा हात माझ्या दारात अडकला होता, आणि मला दार मागं घेता येत नव्हतं.

ट्रॅक्टर चालवणारा मष्णू उडी मारून धावत आला. काळ्या गाडीतला तरुण खाली उतरून फोनवर बोलत उभा होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"अरं, फोन काय करतोस? आदी आक्काला बाहेर काढू, धर की!" मष्णू त्याच्यावर ओरडला. तो जागचा हलला नाही. मष्णूनं एकट्यानंच आक्कांना डाव्या दारातून बाहेर काढलं.

त्या तरुणाचं नाव सौरव. त्याचे वडील मारुतीराव मोठे कंत्राटदार. आमच्या भागातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या कामासाठी त्यांच्याकडं जात. त्यामुळं आक्कांच्या हाताचं ऑपरेशन होण्याआधीच बाजारात एक गोष्ट पसरली, की बाईनं अचानक गाडी आडवी घातली.

मी पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होते. माझ्याखाली कुत्री झोपत. मोडक्या दारातून पाऊस आत येई. मागं राहिलेल्या ट्रेमधली रोपं माझ्याच पोटात वाळून गेली. येणारेजाणारे माझ्याकडं बघून म्हणत, "बाई होती ना चालवायला? मग काय!" मला ओरडून सांगावंसं वाटे, की मी थांबलेली होते, माझ्या बाजूला होते. पण माझा हॉर्नही तुटलेला होता.

तपासणी झाली आणि मला सोडलं. टोइंगच्या गाडीला बांधून मला रोपवाटिकेत आणलं आणि चिंचेखाली उभं केलं. एके दिवशी मारुतीराव तिथं आले. माझ्याशेजारीच त्यांना खुर्ची दिली. आक्का उजवा हात गळ्यात बांधून समोर बसल्या.

"आक्का, झालं ते झालं," मारुतीराव म्हणाले. "ही गाडी आता भंगारात घाला. नवीकोरी गाडी तुमच्या दारात उभी करतो. दवाखान्याचंही मी बघतो. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की वळताना अंदाज चुकला. पोराला परदेशात नोकरी लागलीय. केस चालली तर सगळं अडकतंय."

माझ्या पत्र्यातून थंडी गेली. नव्या गाडीपुढं माझा काय पाड?

"एकदा तरी आला का तुमचा पोरगा मला बघायला?" आक्कांनी विचारलं.

"तो लई घाबरलाय हो."

"भ्या मला बी हाय. म्हणून मी खोटं बोलू?"

"एका शब्दानं तुमचं काय जातंय?"

आक्का उठल्या आणि त्यांनी डावा हात माझ्या चेपलेल्या दारावर ठेवला. "मग परत हिच्यात बसायचं कुठल्या तोंडानं? मी थांबली हुती मारुतीराव. थांबलेल्या माणसाला तुमच्या पोरानं उडिवलं. तुमची नवी गाडी तुमच्याच दारात ऱ्हाऊ द्या. च्या घ्या, आणि या आता."

त्यांनी चहा घेतला नाही.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. नेहमीचे काही शेतकरी दुसरीकडून रोपं नेऊ लागले. अभिनंदन नावाचे आक्कांचे सख्खे भाऊ येऊन म्हणाले, "आक्का, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? बोलून टाक आणि मोकळी हो."

"बोललं तर मोकळी कशी हुईन रं?" आक्का म्हणाल्या.

मष्णूही आला. कोर्टात साक्षीला त्याचं बोलावणं होतं, आणि त्याचा धाकटा भाऊ मारुतीरावांच्याच कामावर होता. तो माझ्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि मातीत रेघा ओढू लागला.

"आक्का, काय सांगू मी?"

"बघितलंस त्येवढंच सांग. माझ्या बाजूनं बी जास्तीचं नगं."

कोर्टात मला कोण नेणार? पण अण्णांनी तिथली हकिकत येईल त्याला माझ्या पुढच्या काचेला टेकून सांगितली, म्हणून मला ती तोंडपाठ आहे. सौरवच्या वकिलांनी आक्कांना विचारलं, "गाडी चालवायला केव्हा शिकलात?"

"चाळिशीनंतर."

"म्हणजे हाताला फारशी सवय नव्हती."

"त्या पोराला लई सवय हाय साहेब," आक्का म्हणाल्या, "तरी बी तो माझ्या बाजूला आला."

मग मष्णू उभा राहिला. आक्कांची गाडी थांबलेली होती, इंडिकेटर चालू होता आणि काळ्या गाडीवाल्याच्या हातात फोन होता, हे त्यानं जसंच्या तसं सांगितलं. सौरव दोषी ठरला. त्याला शिक्षा म्हणून दंड झाला, आणि काही काळासाठी त्याचा परवाना गेला. त्यानं माफी मागितली नाही. मष्णूच्या भावाचं काम सुटलं; आता तो आमच्याच रोपवाटिकेत असतो.

मग माझी पाळी आली. गॅरेजवाल्या वृषभनं भंगारातल्या एका व्हॅनचं निळं दार आणून मला बसवलं. "आता पांढरा रंग मारतो, कळणार बी न्हाय," तो म्हणाला.

"कळू दे की," आक्का म्हणाल्या. "इचारतील त्यास्नी सांगीन."

पण खरी परीक्षा अजून बाकी होती. आक्कांचा हात आता पूर्ण वळत नाही. पहिल्याच दिवशी समोरून ट्रॅक्टर दिसला आणि त्यांनी मला कडेला घेऊन थांबवलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट मांडला. आक्कांनी काच खाली केली आणि मागं वळून म्हणाल्या, "वाजवा, वाजवा. मी माझ्या येळंनं जानार." आणि आपल्या वेळेनंच त्यांनी मला पुढं काढलं. त्या दिवशी मी नवीकोरी असते, तरी इतकी ताठ चालले नसते.

गेल्या आठवड्यात एक मुलगी स्कूटरवरून रोपवाटिकेत आली. तिला रोपं नको होती. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आक्कांसमोर उभी राहिली.

"मी दिपाली. सौरवची बहीण. आक्का, मला गाडी शिकवशीला?"

आक्का म्हणाल्या, "तुमच्या घरात एवढ्या गाड्या हाईत की गं."

"हाईत. पर किल्ली दादाच्या न्हाय तर आप्पांच्या हातात. मी मागितली की म्हणतात, बायकांचं काम न्हाय."

"हितं आलीस ते घरात म्हाईत हाय?"

"न्हाय. कळंल तवा कळंल."

"भांडाण काढायला आली असशील तर परत जा. शिकायचं असंल तर बस."

"शिकायचंय," ती म्हणाली, आणि तिनं खिशातून शिकाऊ परवाना काढून दाखवला.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात किल्ली येईल. तेव्हा फोन बाजूला ठेवा. समोर थांबलेल्या गाडीत कुणाचा तरी हात आहे, एवढं ध्यानात ठेवा. चुकलात तर आधी उतरून त्या माणसाला उचला, आणि चूक आपली आहे असं आपल्या तोंडानं सांगा. पण चूक तुमची नसेल, तर सगळा बाजार अंगावर आला तरी ती आपल्या माथी घेऊ नका. आणि माझ्यासारख्या एखाद्या गाडीला ठिगळ दिसलं तर तिला भंगार म्हणण्याआधी तिची हकिकत विचारा.

आता मला जायला हवं. वखारीमागच्या त्याच मोकळ्या जागेत दिपाली सीट पुढं ओढून बसली आहे, शेजारून आक्का सांगताहेत, "घाबरू नगंस. क्लच हळू सोड." मी एक गचका खाल्ला. बंद पडले. कट्ट्यावरचे लोक हसले.

दिपालीनं पुन्हा किल्ली फिरवली.