थांबायची जागा

मोठ्या शहरातली चांगली नोकरी सोडून आत्या आपल्या भागात परत आली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिने कोणाला भीक घातली नाही. बंद पडलेल्या कारखान्यासमोर दोन खोल्या घेतल्या आणि तरुणांचं केंद्र काढलं. इथल्या पोरांचं कोणी ऐकत नाही, तर त्यांना बोलायला शिकवायचं, एवढाच तिचा हट्ट. आणि पोरं बोलायला लागली की! रस्त्यावरच्या दिव्यांसाठी तर त्यांनी नगरपालिकेतल्या साहेबांचं डोकं खाल्लं, आणि दिवे लागले.

पण ज्यांच्या मदतीवर केंद्र चालायचं, त्या पाहुण्यांना दिव्यांचं काय कौतुक? त्यांना दुःख हवं होतं, तेही कोवळ्या तोंडून. मग आत्याने भाचीला उभं केलं. सख्ख्या दादाची मुलगी, आवाज गोड, डोळे मोठे. "कारखाना बंद झाल्यापासून बाबा भिंतीकडे बघत बसतात," हे भाचीचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. आत्याने ते नुसतं घासूनपुसून लख्ख केलं.

"भिंतीकडे म्हटलंस की थांब. खाली बघ. डोळे भरू देत. मग हळूच पुढचं."

पुढचं म्हणजे बाबा मोरीत तोंडात टॉवेल कोंबून रडतात ते. घरात हे फक्त भाचीला माहीत होतं. तिने विश्वासाने आत्याला सांगितलं होतं, आणि आत्याने ते बाहेरगावच्या सभांमधून लोकांना ऐकवलं. दादाला एवढंच ठाऊक, की पोरगी भाषणं करते.

या वर्षी पाहुणे केंद्रातच आले. मदत चालू ठेवायची की थांबवायची, ते त्याच दिवशी ठरणार होतं. भाची बोलायला उभी राहिली आणि दादा आत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो शेवटच्या रांगेत बसला आणि शेजारच्या न्हाव्याला कोपराने ढोसून म्हणाला, "आमची आहे ही."

भाची "भिंतीकडे" पर्यंत आली आणि थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. तिने आत्याकडे पाहिलं. काय करू, असं ती डोळ्यांनी विचारत होती, आणि आत्याला ते स्वच्छ कळलं. केंद्र टांगणीला लागलेलं. तालमीत करायची तशी आत्याने बोटाने खूण केली: पुढे.

भाचीने पुढचं सांगितलं. पाहुण्या बाईंनी रुमाल काढला. दादा उठला, आवाज होऊ नये म्हणून खुर्ची जपून मागे सरकवली आणि निघून गेला. न्हावी मान खाली घालून बसून राहिला.

केंद्र वाचलं. संध्याकाळी आत्या दादाकडे गेली, तर भाची जिन्यातच बसलेली.

"बाबा माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली आणि थांबली. तिने खाली पाहिलं. डोळे भरले.

आत्याचा हात तिच्या डोक्याकडे निघाला आणि मध्येच अडला. थांबायची जागा अगदी बरोबर होती. लाज वाटावी असाच प्रश्न होता, तरी तो तोंडातून निघालाच. "खरंच रडतेयस ना गं?"

भाचीने मान वर केली. गाल ओले होते.

"मला नाही कळत आता," ती म्हणाली. "तूच बघून सांग ना, आत्या."