ओट्याची उंची

घर खायला उठतं असं लोक नुसतं म्हणतात. क्रेनवाल्याचं घर मात्र खरोखर उठायचं. संध्याकाळी दिवा लावायच्या आत भिंती दोन पावलं पुढे सरकायच्या. एकदा तर घराने त्याच्या सदऱ्याचं बटण गिळलं आणि वर ढेकरही दिला. शेजारचे मास्तर हे ऐकून खो खो हसले. पण त्याच दिवशी त्यांची एक चप्पल त्या घरात राहिली, ती आजतागायत सापडलेली नाही.

क्रेनवाला उंच म्हणजे किती उंच? ढग खाली उतरले की मान वाकवून त्यांना वाट करून द्यायचा, असं त्याचे सोबती सांगत. सगळी नोकरी आभाळात गेल्यामुळे खालच्या माणसांशी बोलायचं ते हाताच्या खुणांनी, ही सवय. मूठ म्हणजे थांब, अंगठा वर म्हणजे उचल. बायकोशीही तेच. ती त्याच्या कोपरापर्यंत यायची आणि दोघांच्या वाटणीचं एकटी बोलायची.

ती लेकीच्या बाळंतपणाला महिनाभरासाठी म्हणून गेली. त्या महिन्याचं शेपूट काही संपेना. ज्या नातीसाठी गेली, तिचे आता दुधाचे दात पडायला लागले होते. लेक-जावई दोघं नोकरीला, आणि पोरीचं आजीवाचून पान हलेना. "पुढच्या महिन्यात येते हं," ती फोनवर म्हणायची. हा म्हणायचा, "तुझ्या सोयीने." आणि हाताने 'ये' अशी खूण करायचा. फोनवर हात दिसत नाहीत हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

जाताना धूळ नको म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या तशाच होत्या.

बापाचा खोकला ऐकून लेकीने एका बाईंना धाडलं. या बाई घरं आतून नीट करून द्यायच्या. म्हणजे सोफे-पडदे विकायच्या असं नव्हे. हवा, उजेड, ओल, माणसाचं बसणं-उठणं बघायच्या. घरात शिरताच आधी नाक वर करायच्या म्हणून सगळे त्यांना वारेबाई म्हणत. एका कचेरीत त्यांनी नुसती टेबलं खिडकीकडे फिरवली, तर तिथला खडूस साहेब लोकांशी हसून बोलायला लागला आणि वरून चौकशी बसली, अशी त्यांची ख्याती.

"काका, ही हवा कधीची?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"तिची आहे. ती गेली तेव्हाची. राहू द्या."

वारेबाईंनी पुन्हा नाक वर केलं. "काका, काकू काही आता या हवेत राहिलेल्या नाहीत. नुसती बुरशी आहे."

क्रेनवाल्याने खिडकीकडे पाहिलं. "एकच उघडा. तीही थोडीशी."

उघडली. आतली हवा इतकी घट्ट झाली होती की ती बाहेर पडताना एक कबुतर तिच्यावर बसून दम खाऊन गेलं. क्रेनवाल्याने तिला कोपऱ्यावर वळेपर्यंत बघून घेतलं. मग दुसरी खिडकी त्याने स्वतःच उघडली.

वारेबाईंनी नवीन काही आणलं नाही. कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. मागे ओलीने सात समुद्रांचा नकाशा काढून ठेवला होता. पोपडे खरवडून भिंतीला चुन्याचा हात दिला. "उग्र वासाचा रंग नको. भिंतीलाही श्वास घेऊ द्या की." पलंग उजेडाकडे नेला. आठवड्यात खोकला पळाला, भिंती जागच्या जागी राहायला लागल्या. घर खायचं थांबलं. पण इतके दिवस सगळा दोष भिंतींवर ढकलता येत होता, ती सोय गेली. चांगल्या हवेत बायकोची आठवण जास्तच स्वच्छ यायला लागली.

राहिला ओटा. तो तिच्या मापाचा. त्यावर स्वयंपाक करताना क्रेनवाला मागून अर्धवट मिटलेल्या शिडीसारखा दिसायचा.

"दगड चांगला आहे, टाकायचा नाही," वारेबाई म्हणाल्या. "उचलू, खाली विटा वाढवू, परत बसवू. तुमच्या कमरेइतका."

"नको."

"पाठ मोडेल काका."

"मोडू दे. ती आली तर?"

"केव्हा येणारेत?"

त्याचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मूठही नाही, अंगठाही नाही. "कधी विचारलं नाही."

"मग विचारा. मधलीच उंची धरली तर ओटा दोघांनाही छळेल. घर कोणासाठी करायचंय ते मला कळायला नको?" असं म्हणून त्या पलीकडच्या खोलीत, आधीच मोजलेली खिडकी मोजायला गेल्या.

त्याने फोन लावला. "ओटा उंच करू म्हणतायत."

"करा की! किती वर्षं सांगतेय, पाठीला जपा म्हणून." मागून नात किंचाळली, "आजी, माझा मोजा!" "खुर्चीखाली बघ गं... हां, बोला. करा उंच."

इतक्या सहज?

"मग तुझे हात पोहोचणार नाहीत."

पलीकडून हळूच, "किती उंच?"

"माझ्या कमरेइतका."

"अगंबाई! म्हणजे माझी हनुवटी ओट्यावर. भाजी मी चिरायची की भाजीने मला?"

'तुझ्या सोयीने' हे शब्द त्याच्या जिभेवर आले. हात आपसूक उठून 'ये, ये' करायला लागला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला तो फोनच्या अलीकडे दिसला.

"ये," तो म्हणाला.

"काय?"

"ये म्हणालो. घरी."

"अहो, इतकी वर्षं सोयीने ये, सोयीने ये! मला वाटलं, पलंगभर उंटासारखे पसरून झोपत असाल, मजेत असाल. पोरगी लहान आहे हो अजून. लगेच नाही जमायचं."

"माहितीय."

"पण येईन." या वेळी तिने पुढच्या महिन्याचं नाव काढलं नाही.

वारेबाई टेप घेऊन आल्या. "मग, कोणाची उंची धरू?"

"आहे तीच. मी स्टुलावर बसून करीन."

"बसायचं तर ओट्याखालच्या फळ्या नि दारं काढायला हवीत, गुडघे मावायला. त्यात तुमचे गुडघे!"

"काढा."

"आणि त्या नाहीच आल्या तर?"

"तर मी बसलेला असेन."

वारेबाईंनी फळ्या-दारं काढून क्रेनवाल्याला स्टुलावर बसवलं. खाली वाकून त्यांनी टेप ओट्याखाली सरकवली. "काका, पाय जरा आणखी आत घ्या बघू."

"घेतलेत," क्रेनवाला म्हणाला. गुडघे ओट्याखाली गेले होते, पण मागे दुमडलेले पाय अजून स्वयंपाकघराच्या दारातच होते.