आठशे आठचं बक्षीस

तैवानमधल्या ताइचुंगच्या कुओ मिठाईवाल्यांचे व्यवस्थापक लाई साहेब शिबिराहून परतले ते विनोद घेऊनच. शिबिराचा विषय होता ‘धंद्यात हास्य’. तिथे चहाच्या सुट्टीतही कुणी हसलं नव्हतं असं पुढे कळलं, पण साहेबांना साक्षात्कार व्हायचा तो झालाच.

“रुई-चिनताई, आपल्या वेबसाइटवर गिऱ्हाईक चुकून भलत्याच पानावर गेलं, तर काय दिसतं त्याला?”

“‘क्षमस्व, हे पान सापडलं नाही,’” रुई-चिन म्हणाली. वेबसाइटवरचं सगळं लिखाण तिचंच, हे वाक्यही.

“बघा! मयताच्या घरी गेल्यासारखं वाटतं. माणूस हसला पाहिजे, हसला! पौर्णिमेच्या सणाआधी नवं पान हवं. नाही जमलं, तर गोदामात खोकी बांधायला माणसं कमीच आहेत.”

हे शेवटचं त्यांनी हसत सांगितलं. शिबिरात तसंच शिकवलं असावं. खोकी बांधण्यात कमीपणा नव्हता, पण लिहिण्यावर रुई-चिनचा जीव होता, आणि ते हातचं जाणार म्हटल्यावर तिला विनोद सुचेना.

तरी तिने पान केलं. चंद्रावरचा ससा, डोक्यावर सणाला पोरं घालतात तशी पपनसाच्या सालीची टोपी, आणि खाली ओळ: “चंद्रावरून इथवर आलो. आता पानही सापडेना आणि परतीची वाटही.”

पान सह्यांसाठी फिरायला निघालं. विक्रीवाले म्हणाले, वाट सापडेना असं नको, आपली खोकी पोचत नाहीत असं वाटेल. हिशेबवाल्यांना सालीची टोपी कंजूष वाटली. वकिलांनी विचारलं, ससा चंद्रावरचाच हे कशावरून? सगळ्यांच्या सूचना पाळून झाल्या, तेव्हा ससा टाय लावून हात जोडून उभा होता आणि म्हणत होता, “आपलं स्वागत आहे.”

मग साहेबांची नजर वरच्या आकड्याकडे गेली आणि त्यांना घामच फुटला. “चारशे चार? एकात दोन-दोन चार? बाईसाहेबांनी पाहिलं तर?”

बाईसाहेब म्हणजे मालकीण. तिथल्या बोलीत ‘चार’ आणि ‘मरण’ यांचा उच्चार जवळपास सारखा. चार म्हणजे मरण, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही, पण कुओ बाईसाहेबांची तऱ्हा त्याहून वरची. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यानंतर थेट पाचवा येई, आणि त्या बसत त्याच पाचव्यावर.

वेबसाइट सांभाळणारे हुंगदादा म्हणाले, “साहेब, पान सापडलं नाही की अख्ख्या जगात हाच आकडा येतो.”

“जगाचं जगाला लखलाभ. चारच्या जागी आठ घाला. आठ म्हणजे बरकत! आणि पान लालभडक करा, अक्षरं सोनेरी.”

“साहेब, बक्षीस लागल्यासारखं दिसतंय हे,” रुई-चिन म्हणाली.

“म्हणजे आनंदी दिसतंय ना? झालं तर!”

सणाच्या तोंडावर साहेबांनी हजारो गिऱ्हाइकांना स्वहस्ते शुभेच्छा पाठवल्या आणि त्यात वेबसाइटचा पत्ता चुकवला. हजारो माणसं थेट लाल पानावर. इथे लोक दुकानाची साधी पावतीही फेकत नाहीत, कारण तिच्या नंबराला सरकारी बक्षीस लागतं. तिथे सोन्याच्या अक्षरात ८०८ आणि वर “आपलं स्वागत आहे” दिसल्यावर दुसरं काय होणार? फोन वाजून वाजून तापले. एक आजी तर सहकुटुंब दुकानात हजर. फोटो काढतील म्हणून नातवाला न्हाऊ घालून आणलं होतं.

पाचव्या मजल्यावर बैठक बसली. “आठ कुणी केलं?” बाईसाहेबांनी विचारलं. सगळे आपापल्या चहात बघू लागले.

“लिखाण रुई-चिनताईंचं असतं,” लाई साहेब हळूच म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

“उद्यापासून गोदाम,” बाईसाहेब म्हणाल्या. “जाताना ते पान पुस आणि माफी लिही.”

रुई-चिन टेबलाशी येऊन बसली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. तिने एका दमात लिहून काढलं. हुंगदादांनी वाचलं. “ताई, सह्या कुठायत?”

“माझी आहे की. शेवटचीच आहे, चढवा.”

पानावर आलं: “हे पान सापडलं नाही. बक्षीसही नाही. इथे ४०४ हवं होतं. पण आमच्या बाईसाहेब चारला घाबरतात, साहेब बाईसाहेबांना घाबरतात आणि मी साहेबांना घाबरत होते. उद्यापासून मी गोदामात. तिथे घाबरण्यासारखं काही नाही, नुसती खोकी. क्षमस्व.”

संध्याकाळपर्यंत अख्खं शहर हसत होतं. लोक मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून पान वाचत आणि आलोच आहोत तर म्हणून अननसाचे केक मागवत. बाईसाहेब कडाडल्या, “काढा ते!” पण साहेबांनी विक्रीचे आकडे पुढे ठेवले, आणि त्या आकड्यांना बाईसाहेब कधीच घाबरल्या नव्हत्या. पान राहिलं. लाई साहेबांना पुढच्या शिबिरात भाषणाचं आमंत्रण आलं: ‘विनोदाला शिस्त हवी.’

रुई-चिन गोदामात लाल फिती बांधत राहिली. एके दिवशी एका मागणीखाली शेरा आला: “हे खोकं पाठवू नका. गोदामातल्या ताईंना द्या.” मग दुसरा तसाच, मग रीघच लागली. नियम म्हणजे नियम, गिऱ्हाइकाचं खोकं नीट बांधूनच द्यायचं. तीच बांधी, तीच घेई, आणि मिळाल्याची सहीही तीच करी. केक गोदामभर वाटून संपेनात.

सणाच्या आदल्या दिवशी हुंगदादा धावत आले. “ताई, ही मागणी वाचा. वरून आलीय.”

“गोदामातल्या रुई-चिनला चार खोकी. हो, चार. मी कुणाला घाबरत नाही. सुट्टी संपली की परत आपल्या टेबलाशी ये, पुढचं पानही तूच लिही. सह्या नकोत. — कुओ.”

रुई-चिनने दोनदा वाचलं. डोळे भरून आले, तशीच ती चारही खोकी बांधायला बसली. मग तिची नजर खाली पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर गेली आणि ती इतकी हसली की हातातली फीत सुटली.

मजला पाचवाच लिहिला होता.