सरकारी लाकडं

सीमेपलीकडच्या भैंसा गावी कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा नागनाथ चकमकीत मेला, असं पोलिसांचं म्हणणं. गोळ्या आधी त्यानंच झाडल्या म्हणे. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तीन महिन्यांनी चौकशीचा अधिकारी डाकबंगल्यात येऊन बसला. त्याला मराठी येत नव्हतं; कारकून अनंतराव इकडचं बोलणं तिकडे करत होते.

रामाजी नागनाथचा चुलता. प्रेत त्यानंच धुतलं होतं आणि दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ पाहिले होते. हात बांधलेला माणूस गोळ्या कशा झाडील? वळांचं तेवढं कागदावर यावं, म्हणून तो नागनाथच्या आईला, वच्छलाबाईला, घेऊन आला होता.

"वळ होते सायेब. दोनी हातावर."

अनंतराव म्हणाले, "साहेब विचारतात, पुरलं कुठं? उकरून डॉक्टरला दाखवू."

रामाजी चाचरला. "आमी जाळलं."

"काऊन? तुमच्यात बिनलग्नाच्याला पुरतात ना?"

त्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून प्रेताबरोबर लाकडंही आली होती. वर रॉकेलचा डबा. पोराचं लगीन नाई झालं, मातीच द्या, असं वच्छलाबाई म्हणाली होती. पण फौजदार हळू आवाजात बोलला, "बाबा, सरकारनं दिली आहेत, परत कुठं नेऊ?" रामाजीला वाटलं, यालाही माया असेल. दिलेली लाकडं परत करणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. त्यानं वहिनीला गप्प बसवलं.

"आग कुणी दिली?"

"म्या."

"जबरदस्ती झाली?"

रामाजीनं विचार केला. "नाई. गोड बोलले."

अनंतरावांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: नातेवाइकांनी राजीखुशीनं अंत्यविधी केला, वळांबाबत पुरावा नाही. रामाजीनं अंगठा दिला. साहेबापुढं नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

मग वच्छलाबाईची पाळी आली.

"वळाचं लिवलं का?"

"पुरावा पायजे बाई."

"ज्यानं बांधलं त्याले इचारलं का?"

"त्यांचे जबाब झाले. अंगठा द्या."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"वैनी, द्या आता," रामाजी पुटपुटला. "सायेब खोळंबले."

"लाकडं तुमी घेतली भावजी. अंगठा माहा हाय."

हात बाहेर आले नाहीत. अनंतरावांनी थोडी वाट पाहिली, मग तिच्या नावापुढं लिहिलं: आई, दुःखामुळे जबाब देण्याच्या स्थितीत नाही. आणि पुढच्या माणसाला हाक मारली.