नरसिंहाचं सोंग

जव्हारचा तुका मुंबईत गिरगावातल्या एका शिळाछापखान्यात चित्रकार होता. गिरण्यांच्या कापडी ठाणांवर चिकटवायची रंगीत चित्रं तो काढायचा. इराण्याच्या हॉटेलातल्या आरशाची नक्षी, पारशिणीच्या साडीची किनार, ट्रामच्या घंटेला बुजलेला घोडा. जे डोळ्यांत भरे ते संध्याकाळपर्यंत त्याच्या वहीत उतरे.

एकदा शेटजी म्हणाले, "तुकाराम, सिंह पाहिजे. पण बाजारात कुणाकडे नसेल असा."

तुक्याला घरचा नरसिंह आठवला. जव्हारला चैतातल्या बोहाड्यात देवादिकांची सोंगं नाचतात, त्यात नरसिंहाचा मान त्यांच्या घराण्याचा. आजोबांच्या वेळचा लाकडी मुखवटा. बापामागं तो थोरला भाऊ लक्ष्या घाली, आणि नाच संपला की तुका तो दोन्ही हातांनी उतरवून घेई.

दिवाळीत तुका घरी गेला. लक्ष्या म्हणाला, "बानं तो कधी वेशीबाहेर नेला नव्हता." मग म्हणाला, "पण तू काय परका हाईस? चैताच्या आत आण म्हंजे झालं." वहिनीनं, गौरानं, आपल्या नव्या लुगड्यात मुखवटा गुंडाळून दिला.

चित्र असं उतरलं की शेटजी खूश झाले. त्याच आठवड्यात विलायतेचा एक व्यापारी छापखान्यात आला आणि मुखवट्यापाशीच थबकला. शेटजींनी तुक्याला विचारलं, "साहेबांना हा पाहिजे. तुझाच आहे ना?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण थोरल्या चित्रकाराची जागा तेव्हा रिकामी होती, आणि शेटजी टक लावून बघत होते. तुका म्हणाला, "हो, माझाच."

मुखवटा बोटीनं गेला. तुक्याला थोरल्या चित्रकाराचं खिडकीजवळचं मेज मिळालं. घरी त्यानं पत्र टाकलं, 'गाडीत पेटी पडली, मुखवटा फुटला.' त्या वर्षी बोहाड्यात नरसिंह निघाला नाही.

पावसाळा सरल्यावर गावाकडचा जिव्या मुंबईला आला, तो तुक्याला भेटला. "तुझ्या भावानं मीठ सोडलंय," तो म्हणाला. "म्हणतो, देव उगा फुटत नाही. आपल्याच घरात कायतरी चुकलं असंल."

त्या दिवशी तुक्याच्या हातून एकही रेघ सरळ आली नाही. मेजावर बसलं की भावाची अळणी भाकर डोळ्यांपुढं येई. दोन दिवसांनी तो डहाणूला उतरला, मिळाली ती बैलगाडी धरून जव्हारला पोचला.

लक्ष्या ओट्यावर जेवत होता. पानात नाचणीची भाकर आणि नुसती उकडलेली भाजी. गालफडं बसली होती. धाकट्याला पाहून तो हसला. "आलास? गौरा, याला मीठ घालून कर गं."

तुका तिथंच खाली बसला. "दादा, मुखवटा फुटला नाही. मी दिला. माझा म्हणून देऊन टाकला."

लक्ष्याचा घास हातातच राहिला. गौरा दारात आली. तिनं आधी एवढंच विचारलं, "म्हंजे फुटला नाय? कुठंतरी साबूत हाय?"

"आहे. समुद्रापार."

तिनं तिथूनच हात जोडले. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं तुक्याला वाटलं.

लक्ष्यानं घास पानात परत ठेवला. "आठ महिनं मी बायकोला दोष दिला, पोरांना दिला, सोताला दिला. तुझं नाव एकदा पण मनात आलं नाय."

तुका रडू लागला. "नवा करतो दादा. मी स्वतः रंगवतो, हुबेहूब."

"नको." लक्ष्यानं ताट बाजूला सारलं. "मोखाड्याचा ढवळू सुतार करंल, रंग बी तोच दील. तू हात लावायचा नाय."

ढवळूनं पांगाऱ्याचं खोड मागितलं. तुक्यानं ते डोक्यावरून मोखाड्याला पोचवलं आणि ढवळूच्या अंगणात टाकून मागं फिरला.

पुढच्या चैतात नवा नरसिंह निघाला. सनई-संबळाच्या गजरात लक्ष्या पहिल्यासारखाच नाचला. त्या दिवसापासून तो पुन्हा मीठ खाऊ लागला, तुक्याशी बोलूही लागला. पण मुखवटा उतरवायची वेळ झाली तेव्हा सवयीनं तुका दोन्ही हात पसरून पुढं झाला, आणि लक्ष्यानं मान वळवून बायकोला हाक मारली.