बाहीतली गाठ

"सुरी नाही, टाका नाही, भूल नाही! फक्त विश्वास, लेकींनो!"

माईंनी हात उंचावले आणि दरबारासाठी भाड्यानं घेतलेला हॉल टाळ्यांनी दणाणला. टेबलावर झोपलेल्या धाकटीच्या पोटात त्यांनी बोटं रुतवली. लाल ओघळ वाहिला. पुढच्याच क्षणी माईंच्या चिमटीत काळपट, लिबलिबीत गोळा!

"डावीकडची गाठ! तेराव्या वर्षापासून छळत होती ना गं?"

धाकटीला रडू फुटलं. पोस्टाच्या खिडकीवर पाळीचे चार दिवस ती दात आवळून काढायची आणि साहेबांना सांगायची, डोकं दुखतंय. केव्हापासून दुखतं, कुठं दुखतं, हे माहीत होतं ते फक्त थोरल्या बहिणीला. ताईनंच तिला इथं आणलं होतं.

पोटावर ओरखडाही नव्हता. तीन आठवडे धाकटी हवेत तरंगत होती. दुखण्याच्या गोळ्याही बंद केल्या. पुढच्या पाळीला ती खिडकीवरच कोसळली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं दुखणं नीट ऐकून घेतलं. "त्या दिवसांत शौचालाही दुखतं का?" हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग एमआरआय झाला. कानठळ्या बसवणाऱ्या त्या बोगद्यात ती अर्धा तास निपचित पडून राहिली.

"गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्याच जागी वाढलाय. एन्डोमेट्रिओसिस म्हणतात याला," बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "डाव्या अंडाशयावर ही गाठ, आत जुनं रक्त. आणि इथं मागं आतडं गर्भाशयाला चिकटलंय."

"पण डावीकडची गाठ तर माईंनी काढली!"

दरबाराची सगळी हकिगत ऐकूनही बाई हसल्या नाहीत. "तुमच्या पोटातून काहीच निघालेलं नाही. हे चिकटणं वर्षानुवर्षांचं आहे. एमआरआयमध्ये सगळंच दिसतं असं नाही. पण एवढं दिसलं, म्हणून आतड्याचे सर्जन ऑपरेशनला सोबत घ्यायचे, हे आधीच ठरवता येतं. पूर्ण बरं होईल अशी हमी नाही देत मी. पुष्कळ आराम पडेल, असं वाटतं."

एमआरआयची फिल्म घेऊन धाकटी तडक ताईच्या शिवणाच्या दुकानात गेली. मशीनवर माईंचा पांढरा झगा उलटा पसरला होता. बाहीच्या आत, मनगटापाशी, प्लास्टिकचं अस्तर लावलेला चोरखिसा.

"ताई, हा कशाला?"

मशीन थांबलं.

"कोंबडीची कलेजी आणि लाल पाण्याची पिशवी," ताई म्हणाली. "बोटं दुमडून दाबली की पोटात गेल्यासारखी दिसतात."

"आणि तेरावं वर्ष? ते कुणी सांगितलं?"

"मीच."

"सगळं ठाऊक असून मला तिथं झोपवलंस?"

"घरात सगळेच म्हणायचे, तुझं दुखणं मनाचं आहे. मला वाटलं, मनाच्या दुखण्याला मनाचाच उतारा. बरं वाटलं होतं ना तुला?"

माई तर परकी, लबाडी हा तिचा धंदा. पण पोट धरून लोळताना धाकटी जिच्या कुशीत शिरायची, तिनंच ते दुखणं एकदाही खरं मानलं नव्हतं!

तिनं झगा उचलला.

"अगं, माझं गिऱ्हाईक जाईल!"

"जाऊ दे."

माईंच्या पुढच्या दरबारात तिनं सगळ्यांसमोर बाही उलटी केली आणि फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"नास्तिक! हिची गाठ परत येणार!" माई किंचाळल्या.

"परत कशाला येईल? गेलीच नव्हती!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रांगेतल्या निम्म्या बायका उठल्या. निम्म्या बसूनच राहिल्या, हेही सांगायला हवं.

ऑपरेशनला दोन सर्जन होते. आता धाकटीच्या पाळीचे दिवस कामावर बसून निभतात. ताईशी मात्र ती अजून मोजकंच बोलते.

पाळीत थोडंफार दुखतं. पण अंथरुणाला खिळवणारं, शुद्ध घालवणारं दुखणं हा नाटकीपणा नाही, मनाचा खेळ नाही आणि दैवी कोपही नाही. त्याला कारण असतं आणि ते शोधता येतं. घरातली लेक, बहीण, सून कळवळत असेल, तर तिला दरबारात नेऊ नका. आधी तिचं म्हणणं खरं माना, मग डॉक्टरांकडे घेऊन जा.