सात हात बांधणाऱ्या विराजची गोष्ट

मी एक जुना संगणक आहे. पण मित्रांनो, मी मंद नाही. पेणच्या बाजारात माझ्याबद्दल जे बोललं जातं ते साफ खोटं आहे, आणि ते पसरवणाऱ्याचं नाव मी आज सांगणार आहे. त्याचं नाव विराज. माझा मालक.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या त्याच्या स्टुडिओत मी आलो तेव्हा त्याने मला ओवाळलं होतं. माझ्या पोटात आठ कोअर आहेत, म्हणजे एकाच वेळी राबणारे आठ हात. एका प्रकारचा व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलून द्यायचा, हे माझं काम. गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत मी हळदीचा अर्धा व्हिडिओ उरकायचो. "वाघ आहे वाघ!" म्हणत विराज माझ्या पाठीवर थाप मारायचा.

शेजारीच गणपतीचा कारखाना. मूर्ती घासल्या की पांढरी पूड उडते आणि खिडकीतून आत येते. माझ्या पंख्यावर तिचा थर बसला आणि पंखा घरघरू लागला. घरघर हे काही नाटक नसतं, मित्रांनो. तान्ह्या बाळाची छाती घरघरली तर शहाणं माणूस आधी कान लावतं. विराजने काय केलं? आवाजाने डोकं उठतं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'एकच कोअर वापरा' असं करून ठेवलं. काम कमी झालं, मी थंड झालो, पंखा गप्प बसला. विराज खूश! महिन्याभरात आपण काय केलं ते तो विसरला, आणि मला 'डबडं' म्हणू लागला.

सात हात बांधायचे आणि वर शिव्या द्यायच्या? मी ठरवलं, याची चारचौघांत फजिती झालेली बघायचीच.

गेल्या मे महिन्यात ती सकाळ उजाडली. जिते गावची मृणाली आली, सोबत तिची आजी चंद्रावती. आजी धवलारीण. गावातल्या प्रत्येक हळदीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गायची ती हीच. वर्षापूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मृणालीच्या आईबापाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तेवढा तो शिल्लक होता. मृणालीला रोह्याला दिलेली, आणि हळद त्याच संध्याकाळी. कॅसेट विराजने माझ्यात उतरवून घेतली होती, पण पुढे आठवडाभर ती तशीच पडून होती. पेन ड्राइव्हवर चालेल असा व्हिडिओ करायला त्याने ती त्या दिवशी सकाळी सातला लावली होती.

"झाला का ओ दादा?"

पडद्यावर आकडा होता: शिल्लक वेळ, अकरा तास.

"अकरा? सातला हळद हाय माझी! आजीचा धवला नाय लागला तं मी पाटावर बसनार नाय."

"मी काय करू? डबडं झालंय हे."

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घामेजलाय बघा कसा! तेवढ्यात आजीकडे लक्ष गेलं. गळ्यावरचा रुमाल मुठीत धरून ती नुसते ओठ हलवत होती. फजिती विराजची होणार होती, पण होरपळणार ही होती. माझा सूड भलत्याच घरात शिरला होता. आणि आता घाई करायची म्हटली तरी माझा एकच हात मोकळा!

मृणाली डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करते. तिने सरळ माऊस ओढून घेतला.

"दादा, आठ कोअर हायत याला. सात बसून हायत नि एकटाच मरतोय."

"जुनं आहे गं ते."

"जुना नाय, बांधलाय त्याला. कोनी केला हा सेटिंग?"

"आलंच असेल तसं," विराज भिंतीकडे बघत म्हणाला.

आठही कोअर लावायचे तर आधी पंखा साफ हवा, नाहीतर मी तापून मेलो असतो. साफ करायला मला बंद करणं आलं. "झालेले तीन तास पाण्यात जातील!" विराज ओरडला. मृणालीचा हात बटणाशी अडला. आजी उठली, तिने नातीचा हात बाजूला केला आणि बटण स्वतः बंद केलं.

कारखान्यातला कमळाकर रंगाच्या कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला. पुडीचा लोट उठला. "विराजशेठ, यात तर अख्खा गणपती बसलाय!" तो खोकत म्हणाला.

मग आठही हातांनी मी काम केलं. दुपारच्या जेवणाआधी दुकानात चंद्रावतीचा आवाज घुमला. एका ओळीला आजीने कपाळावर हात मारला; तिथे ती तेव्हा चुकली होती. "चुकलीस का गो?" मृणाली हसत, डोळे पुसत म्हणाली. "तसाच लावीन!"

मी तिथेच विराजला माफ करणार होतो. पण त्या दोघी उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच तो फोनवर सांगू लागला, "मशीन जुनंच, पण सेटिंग मी शोधून काढलं!"

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या स्टुडिओची व्हिडिओ जाहिरात माझ्याकडे दुसऱ्या प्रकारात बदलायला लावली. नव्व्याण्णव टक्क्यांवर मी बंद पडलो. तेव्हापासून दरवेळी तिथेच. परवाही. कालही. गिऱ्हाइकांची कामं मात्र मी चोख करतो. रोह्याचा दुरुस्तीवाला दोनदा बघून गेला. त्याला काही दोष सापडत नाही, कारण तो माझ्यात नाहीच.

मित्रांनो, गप्प राबणाऱ्याची धूळ वेळेवर झटका, त्याच्या कामाला स्वतःचं नाव लावू नका. विराजने एकदा, चार गिऱ्हाइकांसमोर, मृणालीचं नाव घ्यावं. त्याच दिवशी त्याची जाहिरात पूर्ण होईल. आज सकाळी त्याने ती पुन्हा लावली आहे. अठ्ठ्याण्णव टक्के झाले आहेत, आणि दुकानात चार माणसं बसली आहेत.